नक्को, हौ, कायकू

आमच्या अजिंठा गावात एकेकाळी स्कॉटलंडची गेलिक भाषा बोलली गेली आहे असं सांगितलं, तर गावातला कोणीही हसेल. पण हिशोब जुळतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, आजच्या जालना जिल्ह्यातल्या आसईजवळ, शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि आर्थर वेलस्लीची इंग्रज फौज यांची लढाई झाली. वेलस्ली म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, वॉटर्लूत नेपोलियनला हरवणारा. जन्माने तो डब्लिनचा. त्याच्याकडे स्कॉटिश हायलँडर शिपायांच्या दोन पलटणी होत्या, ७४ वी आणि ७८ वी. त्या दिवशी ७४ व्या पलटणीचे जवळपास सगळे अधिकारी मेले किंवा जखमी झाले. लढाईनंतर जखमींसाठी इस्पितळ थाटलं गेलं ते अजिंठ्यात. अजिंठा तेव्हा निजामाचं, आणि निजाम इंग्रजांचा दोस्त.

या हायलँडर शिपायांत, विशेषतः ७८ वीत, रॉस-शायर आणि लुईस बेटाकडची माणसं पुष्कळ होती. त्यांची मायबोली इंग्रजी नव्हती, गेलिक होती. त्यांच्यापैकी जे आमच्या गावाच्या तटाआड कण्हत पडले असतील, ते आईच्या भाषेतच कण्हले असणार. लेणी तेव्हा साहेबाला माहीत नव्हती. जॉन स्मिथ तिथे पोचायला अजून सोळा वर्षं होती.

त्या शिपायांच्या भाषेचं पुढे काय झालं? ते इकडे साम्राज्यासाठी लढत होते त्याच काळात आणि त्यानंतरच्या पन्नास वर्षांत तिकडच्या जमीनदारांनी मेंढ्या पाळण्यासाठी कुळांना हाकलून दिलं. गावंच्या गावं उठली. काही माणसं ग्लासगोत मजुरीला गेली, काही जहाजात बसून कॅनडात. तिथल्या केप ब्रेटन बेटावर गेलिक बोलणाऱ्यांची दुसरी दुनियाच वसली. १८७२ च्या कायद्याने स्कॉटलंडच्या मुलांना शाळा सक्तीची झाली, पण त्या कायद्यात गेलिकला जागाच ठेवली नव्हती. १८९१ च्या जनगणनेत गेलिक बोलणारे अडीच लाखांच्या घरात होते. २०११ मध्ये सत्तावन्न हजार उरले.

गेलिक, आयरिश, वेल्श, ब्रेटन या एकाच केल्टिक कुळातल्या भाषा. त्यांच्याविषयी वाचायला लागलं की एक प्रश्न पुन्हापुन्हा समोर येतो. बाहेरून माणसं येत राहिली तर एवढ्याशा भाषा टिकतील का? वेल्समधल्या गावात इंग्रज येऊन घर घेतो, आयर्लंडात पोलंडचा, नायजेरियाचा माणूस येऊन राहतो. त्यांची मुलं कोणती भाषा बोलणार? मी हे वाचते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर वेल्स येत नाही. आमच्या घरची चूल येते. कारण आमच्या घरात जी बोली आहे ती बाहेरून आलेल्या माणसांनीच बनवली. आज तिला धोका आहे, पण तो बाहेरून येणाऱ्यांचा नाही.

या बोलीला गावातले मराठी शेजारी ‘मुसलमानी’ म्हणतात. आम्ही काहीच म्हणत नाही, फार तर ‘अपनी बोली’. विद्वान तिला दखनी म्हणतात. जनगणनेवाला आला की अब्बा ‘उर्दू’ सांगतात आणि तो ‘उर्दू’ लिहितो.

दखनीची जन्मकथा आमच्या जिल्ह्यातली आहे. १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली, तिचं दौलताबाद केलं. त्या निमित्ताने दिल्लीकडचे शिपाई, सूफी, कारागीर, कारकून, त्यांची बायकामुलं इकडे आली. राजधानी परत गेली, सगळी माणसं गेली नाहीत. १३४७ मध्ये बहमनी राज्य उभं राहिलं आणि दिल्लीशी नातं तुटलं. आता दिल्लीची बोली बोलणारी ही माणसं मराठी, कानडी, तेलुगू मुलखात एकटी पडली. मीठ-मिरची मराठीत विकत घ्यायची, कुळाशी मराठीत भांडायचं. गरज होती म्हणून शिकली. ती इतकी शिकली की मराठी त्यांच्या बोलीच्या हाडात गेली.

शब्द तर कोणीही उसने घेतं. आज आपण ‘मोबाइल’ म्हणतो तसं. पण व्याकरण उसनं घ्यायला पिढ्यान्पिढ्या एका आळीत राहावं लागतं. मराठीतला ‘नको’ दखनीत ‘नक्को’ झाला. दिल्लीच्या उर्दूत या एका शब्दाला जोड नाही. तिथे ‘नहीं चाहिए’, ‘मत करो’, ‘रहने दो’ असे तीन प्रयोग लागतात, आमच्याकडे एका ‘नक्को’त काम भागतं. मराठीतला जोर देणारा ‘च’ बघा. ‘मीच केलं’ याचं आमच्या घरात ‘मैंच करा’ होतं. दिल्लीवाला ‘मैंने ही किया’ म्हणेल. आमच्याकडे तो ‘ने’ही गेला आणि ‘ही’ही गेला. माझं सगळ्यात आवडतं उदाहरण ‘बोलके’चं. ‘तो आजारी आहे म्हणून आला नाही’ हे दखनीत ‘वो बीमार है बोलके नै आया’ असं होतं. मराठीत ‘म्हणणे’पासून ‘म्हणून’ हा कारण सांगणारा शब्द झाला, तसाच ‘बोलना’पासून ‘बोलके’. शब्द उत्तरेचा, साचा इथला. लखनौच्या माणसाला हे वाक्य ऐकून वाटतं, आजारी माणूस स्वतः बोलून गेला की काय!

हळूचं ‘हल्लू’, होयचं ‘हौ’, कशालाचं ‘कायकू’. अनेकवचनं ‘बातां’, ‘किताबां’, ‘औरतां’. माझी दादी या भाषेत रागवायची, दुआ द्यायची, म्हशीला हाकलायची, आणि त्यातच मराठी शेजारणीशीही बोलायची. शेजारीण मराठीत उत्तर द्यायची. दोघींचं व्यवस्थित चालायचं.

ही काही अडाण्यांची मोडकी हिंदी नव्हे. पंधराव्या शतकात बिदरला निजामीने ‘कदमराव पदमराव’ हे काव्य या भाषेत लिहिलं, तेव्हा दिल्लीत शहाणी माणसं फारसीतच लिहीत होती. गोवळकोंड्याचा सुलतान मुहम्मद कुली कुतुबशाह दखनीत शायरी करायचा. पैठणच्या एकनाथांनी ‘हिंदु-तुर्क संवाद’ लिहिला, त्यातला तुर्क ज्या बोलीत वाद घालतो ती आमच्या नात्यातली आहे. आमच्या जिल्ह्यातल्या सोळाव्या शतकातल्या ब्राह्मण संताला ती येत होती, एवढी ती इथल्या हवेत होती. वली औरंगाबादचा. तो १७०० मध्ये दिल्लीला जाऊन आला आणि पुढे त्याचा दीवान तिथे पोचला, तेव्हा फारसीत लिहिणारे दिल्लीचे शायर आपल्या बोलीकडे वळले असं उर्दू साहित्याचा इतिहास सांगतो. (वलीची कबर अहमदाबादेत होती. २००२ मध्ये ती पाडून वरून डांबरी रस्ता केला. हा विषय इथे वाढवत नाही.)

मग दखनी पडली कशी? १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा औरंगजेबाने घेतलं. दखनीत लिहिणारे आणि लिहून घेणारे दोन दरबार संपले. औरंगाबादेत पुन्हा उत्तरेची माणसं आली. फरक एवढाच की तुघलकाची माणसं दिल्लीपासून तुटली होती, ही तुटलेली नव्हती. सत्ता त्यांची, फर्मान त्यांचं, आणि दिल्लीची जबानही त्यांचीच. त्यांना इथलं काही शिकायची गरज पडली नाही. इथल्यांना त्यांचं शिकावं लागलं.

मला सगळ्या गोष्टीची मेख इथे दिसते. किती लोक आले हे मोजून भाषेचं भविष्य कळत नाही. आलेल्याला तुमच्या भाषेची गरज आहे का, हे बघावं लागतं. वेल्समध्येही दोन प्रकारचे ‘बाहेरचे’ आहेत. एक इंग्लंडातून निवृत्त होऊन किंवा सुट्टीचं घर घ्यायला येतो. त्याच्याकडे पैसा आहे, त्याची भाषा दुकानापासून कोर्टापर्यंत सगळीकडे चालते, मग तो वेल्श कशाला शिकेल? त्याच्यामुळे घरांच्या किमती वाढतात आणि वेल्श बोलणारी गावातली पोरं कार्डिफ नाहीतर लंडनला जातात. ग्विनेथसारख्या भागात दुसऱ्या घरांवर जबर कर लावण्यापर्यंत गोष्ट गेली ती यामुळे. दुसरा सोमालियाचा किंवा सीरियाचा. तो हात हलवत येतो. त्याला वेल्श शिकवायचे मोफत वर्ग आहेत, त्याची मुलं वेल्श माध्यमाच्या शाळेत जाऊ शकतात. अशी मुलं घरी अरबी, शाळेत वेल्श आणि रस्त्यावर इंग्रजी बोलतात. तरी २०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे पावणेअठरा टक्क्यांच्या आसपासच आले, दहा वर्षांपूर्वी एकोणीस टक्के होते. म्हणजे कायदा, शाळा, टीव्ही चॅनल, सगळं असूनही उतार थांबलेला नाही. २०५० पर्यंत दहा लाख वेल्शभाषक करायचं त्यांच्या सरकारचं उद्दिष्ट आहे. आयर्लंडात तर आयरिश ही राज्यघटनेनुसार पहिली राजभाषा. २०२२ मध्ये १८ लाखांहून जास्त लोकांनी ‘आयरिश येते’ असं लिहून दिलं. शाळेबाहेर रोज बोलणारे निघाले बहात्तर हजारांच्या आसपास.

त्यांच्याकडे निदान आकडा आहे. आकडा खाली आला की ओरड होते. दखनी कमी झाली तर कोणत्या तक्त्यात कळणार? ती उर्दूच्या रकान्यात जमा आहे. उद्या आमच्या गावातलं शेवटचं ‘नक्को’ बोलून झालं, तरी कागदावर एकही माणूस कमी झालेला नसेल.

आमच्या गल्लीतलंच एक उदाहरण सांगते. मशिदीत इमामत करायला बिहारकडून एक मौलाना आले. आता मराठवाड्यातल्या खूपशा गावांत असंच आहे, इमाम आणि मदरशाचे उस्ताद उत्तरेकडचे. मौलानांची जबान साफ, गोड, ‘तशरीफ रखिए’वाली. गावात कौतुक झालं, बायका आपल्या पोरांना ‘मौलाना जैसा बोलो’ म्हणून सांगू लागल्या. वर्ष-दीड वर्षाने त्यांनी बायको-मुलांना आणलं. धाकटा पाच-सहा वर्षांचा. तो गल्लीतल्या पोरांत गोट्या खेळायचा, आमच्या आणि मराठी दोन्ही घरच्या. दोन पावसाळ्यांत ते पोर ‘हौ’ आणि ‘कायकू’ म्हणायला लागलं. एकदा बापाने जेवायला हाक मारली तर त्याने दारातूनच सांगितलं, ‘नक्को अब्बा, मैं खाको आया.’ मौलाना हसले, पण त्यांच्या बायकोचा चेहरा पडला. तिने विचारलं, ये कैसी ज़बान सीख गया?

ते बिहारी पोर दखनी शिकलं, कारण गोट्यांच्या डावात तिची गरज होती. त्याच वेळी त्याच गल्लीतली आमची पोरं ती विसरत होती, कारण त्यांच्या आया घरात त्यांच्याशी टीव्हीची हिंदी बोलू लागल्या होत्या.

आयांना दोष देणं सोपं आहे, मी देणार नाही. माझ्या शाळेत उर्दूच्या तासाला ‘नक्को’ म्हटलं की बाई सगळ्या वर्गासमोर ते वाक्य परत म्हणायला लावायच्या, ‘नहीं चाहिए’ असं नीट म्हणेपर्यंत. मराठीच्या तासाला आमच्या मराठीतला हेल काढून मुलं हसायची. म्हणजे उर्दूत आम्ही गावंढळ, मराठीत परके. एकोणिसाव्या शतकात वेल्समधल्या काही शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात एक लाकडी पट्टी अडकवायचे. दुसरा कोणी वेल्श बोलताना सापडला की पट्टी त्याच्या गळ्यात, आणि शाळा सुटताना ती ज्याच्याकडे असेल त्याला मार. आमच्याकडे पट्टी नव्हती. हसणं पुरेसं होतं. ज्या मुलींनी ते हसणं ऐकलं त्या आता आया झाल्या आहेत. आपल्या लेकरावर कोणी हसू नये एवढंच त्यांना हवं आहे.

सिनेमानेही हातभार लावला. १९६५ च्या ‘गुमनाम’मध्ये मेहमूद हैदराबादी बोलला आणि सगळा देश हसला. तेव्हापासून दखनी म्हणजे विनोद. मुशायऱ्यातही दखनी कलाम वाचायला माणूस उभा राहिला की लोक आधीच हसायला तयार असतात. दुःख सांगायचं तर शुद्ध उर्दू काढायची. आता दादी मेली तेव्हा घरात जो आकांत झाला तो तर कोणी शुद्ध उर्दूत केला नव्हता.

आणखी एक गंमत आहे. उर्दूच्या प्रसारासाठी झटणाऱ्या अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचं मुख्य ठाणं सुमारे पंचवीस वर्षं, १९३८ पर्यंत, औरंगाबादेतच होतं. बाबा-ए-उर्दू मौलवी अब्दुल हक तिथून काम करायचे. ते मूळचे मेरठकडचे, पण दखनीची जुनी हस्तलिखितं शोधून काढली त्यांनी. मुल्ला वजहीचं ‘सबरस’ त्यांनीच छापून लोकांसमोर आणलं. बाहेरून आलेल्या माणसाने आमच्या भाषेवर केलेले हे उपकार. पण ते जुन्या पुस्तकातल्या दखनीवर होते. शहागंजच्या बाजारात भाजीवाली जी बोलत होती, तिला कोणी भाषा म्हटलं नाही. तशी उस्मानिया विद्यापीठातही उर्दूतून डॉक्टरी-इंजिनिअरी शिकवली गेली, आपल्या देशात एवढं मोठं काम देशी भाषेत दुसरीकडे क्वचितच झालं असेल. ती उर्दूही पुस्तकीच होती. १९४८ नंतर निजामाचं राज्य गेलं, उर्दूची सरकारी खुर्ची गेली. काही घरं हैदराबादला, काही कराचीला गेली. कराचीत आजही हैदराबाद कॉलनी आहे आणि तिथली लोणची प्रसिद्ध आहेत. भाषा गेली तरी लोणचं टिकतं, असं माझी खाला म्हणायची.

आता बाहेर जाणारे. आमच्या गावातली पोरं वाळूजला, चाकणला, भिवंडीला, आणि जमलं तर सौदीला जातात. तिथे एका खोलीत बिहारचा, केरळचा, तेलंगणाचा राहतो. सगळ्यांची मिळून एक कामापुरती हिंदी बनते. दोन वर्षांनी पोरगा घरी येतो तेव्हा त्याच्या आईला ‘मेरेकू’ म्हणत नाही, ‘मुझे’ म्हणतो. आईला बरं वाटतं, पोरगा सुधारला. चौदाव्या शतकात स्थलांतराने जी बोली घडवली तिला एकविसाव्या शतकातलं स्थलांतर धुऊन काढतंय. तेव्हा येणारा इथे अडकला होता, आता जाणारा खिशात फोन घेऊन जातो आणि कुठेच अडकत नाही.

मी मराठीत लिहिते, म्हणून हा प्रश्न मला दुसऱ्या बाजूनेही भेटतो. कार्यक्रमांत कोणीतरी प्रेमाने म्हणतं, ‘तुमचं मराठी किती छान आहे हो!’ यावर काय बोलावं? कोकणातल्या मुसलमानाची घरची भाषा कोकणी आहे. १९९० मध्ये सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं त्यालाही आता पस्तीस वर्षं होऊन गेली. तरी मराठी मुसलमान हे अजून आश्चर्य आहे. ‘तुमची भाषा उर्दू, म्हणजे तुम्ही बाहेरचे’ हा हिशोब डोक्यात पक्का बसलेला असतो. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दूत नाव होतं, तर वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने पाटी ठेवायला हरकत नाही असा निकाल दिला आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे, ती लोकांची आणि प्रदेशाची असते, असं बजावलं. वेल्समध्ये रस्त्याच्या पाट्या दोन भाषांत व्हाव्यात म्हणून पोरांनी इंग्रजी पाट्यांवर रंग फासला होता आणि तुरुंगात गेली होती. इथे लागलेली पाटी उतरवायला लोक कोर्टात गेले.

निकालाचा मला आनंद झाला, अजूनही आहे. पण त्या पाटीवर आहे ती पुस्तकातली उर्दू. दखनीची पाटी कुठेच नाही. आणि ‘बाहेरचे’ म्हणणाऱ्याला दाखवायचा सगळ्यात भक्कम पुरावा तीच होती. ज्या बोलीतलं ‘नको’ मराठी, ‘च’ मराठी, ‘म्हणून’चा साचा मराठी, ती बोलणारा बाहेरचा कसा? त्या पुराव्याला आम्ही स्वतःच घरात अशुद्ध ठरवून पुसत बसलो आहोत. एका बाजूला उर्दूवाल्यांना ती मराठीने बाटलेली वाटते, दुसऱ्या बाजूला मराठीवाल्यांना मुसलमानी.

घाट उतरून फर्दापूरला गेलात तर लेण्यांच्या वाटेवर पोरं स्फटिक आणि रंगीत दगड विकताना दिसतील. बरीचशी आसपासच्या गावांतली, शाळा अर्धवट सोडलेली. जपानी पर्यटक दिसला की ती जपानीत भाव सांगतात, हसवतात, घासाघीस करतात. कुणी वर्ग भरवला नव्हता. दगड विकायचा होता, भाषा आली. आमच्या ओळखीतला असाच एक पोरगा मागच्या हिवाळ्यात घरी आला होता. त्याला म्हटलं, घरी कोणती भाषा बोलतोस? तो म्हणाला, ‘हिंदी. मतलब… अच्छी वाली नै, अपनी वाली.’

सध्या मी खालाकडे वही घेऊन बसते. म्हातारी आहे, ऐकू कमी येतं. शब्द विचारले तर सांगता येत नाहीत, भांडण सांग म्हटलं की सगळे बाहेर पडतात. दोन वह्या झाल्या. मोठी अडचण लिपीची आली. उर्दू लिपीत लिहावं तर ‘च’चा मराठी उच्चार बसत नाही, देवनागरीत लिहावं तर खालाच्या ‘ख़’चं काय करायचं? शेवटी देवनागरीच घेतली आणि जिथे हवा तिथे नुक्ता दिला. परवा भाची शेजारी बसून वहीत डोकावत होती, इंग्रजी शाळेत तिसरीला आहे. ‘बोलके’चं वाक्य तिने वाचलं आणि विचारलं, हे हिंदीत चूक आहे ना? मी तिला तेच वाक्य मराठीत करायला सांगितलं. तिने केलं. मग बराच वेळ दोन्ही वाक्यं बोटाने शब्दाखाली शब्द लावून बघत बसली.